पॅडी म्हणजे भात नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिव्हरपूलच्या गोदीत राबणाऱ्या एका आयरिश कुटुंबाची, १९३० च्या आसपासची कादंबरी तुम्ही मराठीत आणताय. तिच्यात पाच ठिकाणी ‘पॅडी’ आडवा आलाय. बापाचं नाव टॉमस, पण मुकादम त्याला ‘पॅडी’ म्हणून हाक मारतो. धाकटा पोरगा जेवणावरून ‘पॅडी’त जातो. आई ‘पॅडीज मार्केट’मधून कोट आणते. म्हातारा खलाशी ‘पॅडीज लँटर्न’च्या उजेडात घर गाठतो. आणि न्यूयॉर्कला गेलेला काका दोनदा ‘पॅडी वॅगन’मधून फिरून येतो. या शेवटच्या शब्दाचं भाषांतराच्या ॲपने ‘भाताची गाडी’ केलं आणि तुम्ही वैतागलात. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: हा सगळा एकच शब्द आहे का, ती शिवी आहे का, आणि मराठीत करायचं काय.

तीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतेय, त्यात या माणसाशी माझी बऱ्याच वेळा गाठ पडलीय. एकदा तर त्याने मला चांगलंच तोंडावर पाडलंय. ते पुढे सांगते.

आधी भाताचा निकाल लावू. शेतातला ‘पॅडी’ आयरिश नाहीच. तो मलय भाषेतल्या ‘पादी’वरून इंग्रजीत आला, म्हणजे सालीसकट तांदूळ. कोकणात आपण त्याला भात म्हणतो, देशावर साळ. हिंदुस्थानातल्या साहेबी इंग्रजीचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश १८८६ साली निघाला, त्यातही या ‘पॅडी’ची नोंद मलय मुळासकट आहे. (त्या कोशाचं नावच मुळी गोऱ्या शिपायांच्या कानांनी केलेला ‘या हसन, या हुसेन’चा चेंदामेंदा आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला आक्रोश त्यांना तसा ऐकू आला.) तर धान्याचा पॅडी आणि माणसाचा पॅडी यांचं नातं फक्त स्पेलिंगपुरतं. आपल्याकडे तिसराही एक पॅडी आहे: पंढरीनाथाचा, पद्माकराचा, प्रदीपचा कॉलेजात झालेला पॅडी. अभिनेते पंढरीनाथ कांबळे यांना तर अर्धा महाराष्ट्र पॅडी म्हणूनच ओळखतो. हा सांगायचं कारण असं की मराठी वाचकाच्या डोक्यात ‘पॅडी’ म्हटल्यावर आयर्लंड येत नाही. एक तर भात येतो, नाहीतर मित्र येतो. तुमची निम्मी अडचण इथेच आहे.

आता मूळ पुरुष. आयर्लंडचा संत पॅट्रिक. लॅटिनमध्ये ‘पात्रिकिउस’, अर्थ कुलीन, खानदानी. आयरिश भाषेत त्याचं ‘पाद्रिग’ झालं, साधारण ‘पॉद्रिग’ असं ऐकू येतं. नाव इतकं पवित्र की बराच काळ लोक ते पोरांना ठेवायलाही धजावत नसत. सतराव्या शतकापासून ते घरोघरी गेलं आणि मग इतकं गेलं की दर चौथ्या उंबऱ्यावर एक पॅट्रिक, आणि त्याचं लाडाचं रूप पॅडी. अठराव्या शतकात इंग्रजांनी ते उचललं आणि समोर दिसेल त्या आयरिश माणसाला चिकटवून टाकलं. नावाचा अर्थ ‘कुलीन’, आणि ते चिकटलं कुणाला, तर पाटी-फावडं घेऊन आलेल्याला.

यात इंग्रजांनी आयरिश लोकांना काही खास वागणूक दिली असं नाही. वेल्श माणूस दिसला की टॅफी, कारण त्यांच्याकडे दावीद, म्हणजे त्यांच्या उच्चारात ‘दाविद्’, पुष्कळ. स्कॉटिश दिसला की जॉक, म्हणजे जॉनचंच एक रूप. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबईतल्या शेटजींच्या नि साहेबांच्या घरात कामाला असलेला रत्नागिरीकडचा गडी म्हणजे ‘रामा’. त्याचं खरं नाव गोविंद असो की तुकाराम, शेठाणीची हाक ‘ए रामा’ अशीच. पुढे ‘रामागडी’ हा शब्दच धंद्याचं नाव होऊन बसला. हवालदाराचा ‘पांडू’ झाला तोही याच वाटेने. ज्याचं नाव विचारायची गरज कुणाला वाटत नाही, त्याला असं एक ठोक नाव मिळतं. तुमच्या टॉमसचा पॅडी झाला तो असाच. मुकादमाला त्याचं नाव माहीत नाही असं नव्हे, ते घ्यायचं त्याला कारण दिसत नाही.

हे नाव किती सहज चिकटायचं याचं एक ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे १९८८ ते १९९९ या काळातले नेते पॅडी अ‍ॅशडाउन. त्यांचं पाळण्यातलं नाव जेरेमी जॉन. जन्म १९४१ चा, तोही आपल्या नवी दिल्लीतला. लहानपण उत्तर आयर्लंडमध्ये गेलं आणि पुढे इंग्लंडच्या शाळेत आल्यावर बोलण्यातला आयरिश हेल ऐकून पोरांनी ‘पॅडी’ करून टाकलं. बोलणं बदललं, नाव राहिलं, आणि राजकारणातही तेच चाललं. म्हणजे चिडवण्यासाठी दिलेलं नाव माणूस अंगाखांद्यावर वागवूही शकतो. हे लक्षात ठेवा, शिवीच्या प्रश्नाला उपयोगी पडेल.

पण या नावाला कडवटपणा आला तो एकोणिसाव्या शतकात. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढची काही वर्षं दुष्काळ हटला नाही. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. लिव्हरपूल, ग्लासगो, न्यूयॉर्क, बॉस्टन या बंदरांत उपाशी, आजारी, कॅथलिक आयरिश माणसांचे लोंढे उतरले. त्याआधीपासूनच इंग्लंडचे कालवे आणि मग रेल्वेमार्ग खणायला आयरिश मजूर मोठ्या संख्येने येत होतेच. लंडनच्या विनोदी साप्ताहिकांत तेव्हाचा पॅडी माकडाच्या जबड्याचा, हातात सोटा, बगलेत बाटली, शेजारी डुक्कर असा काढला जाई. जी विनोदी शब्दसंपत्ती तुम्हाला आज छळतेय तिच्यातली बरीचशी या चित्राच्या आगेमागे तयार झाली.

या सगळ्या शब्दांना एक किल्ली आहे. ती हातात आली की निम्मे अर्थ आपोआप उघडतात. ‘पॅडीचं अमुक’ किंवा ‘आयरिश अमुक’ म्हणजे बहुतेक वेळा ते अमुक नसतंच. एक तर त्याच्या नावावर फुकटातलं, हलकं काहीतरी खपवलेलं असतं, नाहीतर थेट त्याचं उलटं असतं.

खलाश्यांनी हा खेळ सर्वांत मनापासून खेळला. ‘पॅडीज लँटर्न’ म्हणजे चंद्र. ज्याच्याकडे कंदिलात घालायला तेल नाही, त्याचा कंदील आभाळात. ‘पॅडीज हरिकेन’ हे तर आणखी बेरकी. शिडाच्या जहाजावरच्या माणसाला वादळापेक्षाही नकोशी गोष्ट म्हणजे पडलेला वारा: समुद्र तेलासारखा, शिडं मेलेली, प्यायचं पाणी संपत आलेलं. त्या मेलेल्या हवेला नाव दिलं पॅडीचं वादळ. १८६७ साली छापलेल्या अ‍ॅडमिरल स्मिथ यांच्या खलाशी शब्दकोशात त्याची व्याख्या आहे ती अशी की डोलकाठीवरची निशाणपट्टीसुद्धा फडकणार नाही इतका वारा. कोशकारांनी इतकं चपखल लिहिलेलं क्वचितच सापडतं. आणि ‘आयरिश पेनंट’, म्हणजे आयरिश निशाण, हे जहाजावर कुठेतरी सुटून लोंबणारं दोराचं टोक. नीट गुंडाळून बांधायला हवं होतं ते कुणीतरी तसंच सोडलेलं. अमेरिकी नौदलात आणि मरीन दलात आजही गणवेशाच्या शिलाईतून लोंबणाऱ्या दोऱ्याला हाच शब्द वापरतात. तपासणीत असा दोरा निघाला की शिपायाची कानउघाडणी ठरलेली. आपल्याकडे त्याला फार सुंदर शब्द आहे: दशा. ‘सदऱ्याच्या दशा निघाल्यात’ असं आजी म्हणायची. आयर्लंडला मध्ये न आणता तो दोरा मराठीत कसा लोंबवायचा, हे मला त्या एका शब्दाने शिकवलं.

जमिनीवर हीच युक्ती. ‘आयरिश बढती’ म्हणजे खालच्या पगाराची जागा. ‘आयरिश कॉन्फेटी’ म्हणजे दंगलीत भिरकावलेल्या विटा, जणू लग्नातल्या अक्षता. बटाट्याला ‘आयरिश जर्दाळू’ म्हणत. ऑस्ट्रेलियात ‘पॅडीज लुसर्न’ नावाचं एक तण आहे. लुसर्न म्हणजे आपले गोठेवाले ज्याला लसूणघास म्हणतात तो कसदार चारा. पॅडीचा लसूणघास मात्र गुरं फारशी तोंडात न घेणारं, चिवट, उपटता उपटत नाही असं झुडूप. गंमत अशी की ही वनस्पती आपल्या चिकण्याच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या ‘बला’च्याच कुळातली. सिडनीच्या शेतकऱ्याने ज्याला शिव्या घालाव्या त्याच्या चुलतभावंडांची मुळं इथे तेलात उकळून सांध्यांना चोळतात. अनुवादात हे कुठे वापरता येत नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

‘पॅडीज मार्केट’ही याच माळेतलं, पण इथे एक फरक आहे. हे विशेषण नुसतं विनोदाचं नाही, पत्त्याचंही आहे. दुष्काळानंतर आलेल्या आयरिश लोकांच्या वस्तीत, त्यांच्याच हातांनी चालणारे जुन्या कपड्यांचे बाजार उभे राहिले आणि त्यांना हे नाव पडलं. लिव्हरपूलचा स्कॉटलंड रोडजवळचा बाजार त्यातला नामांकित. बंदरात उतरलेले हिंदुस्थानी खलाशी तिथे जुने कोट आणि हॅटी घ्यायला जात. ग्लासगोचा पॅडीज मार्केट २००९ मध्ये बंद झाला. सिडनीचा अजून जोरात चालतो, आणि तिथे आता पाटीवरच अधिकृतपणे हे नाव आहे, कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. तुमच्या कादंबरीतली आई पैसे नाहीत म्हणून तिथे जाते की ओळखीचे लोक भेटतात म्हणून, हे आधी पाहा. पहिलं असेल तर ‘जुना बाजार’ पुरेसा आहे, पुण्याच्या वाचकाला तर डोळ्यांसमोर चित्रच उभं राहील. दुसरं असेल तर नाव ठेवावं लागेल.

लिव्हरपूलचा विषय निघालाच आहे तर ‘पॅडीज विगवॅम’पासून सावध राहा. शहरातल्या कॅथलिक कॅथीड्रलचं हे टोपणनाव. गोल, तंबूसारखी इमारत, वर मुकुट, आणि भाविक बहुतेक आयरिश वंशाचे. त्यावरून कुणालातरी अमेरिकी आदिवासींचा तंबू आठवला आणि नाव रूढ झालं. पण ते चर्च १९६७ साली उघडलं. तुमच्या कादंबरीच्या काळात तिथे वेगळंच बांधकाम ठरत होतं, एडविन ल्यूटन्स यांनी आखलेल्या एका अवाढव्य कॅथीड्रलचं; त्याचा पायाही १९३३ मध्ये घातला गेला. होय, नवी दिल्लीचे वास्तुकार तेच. त्याचं तळघर तेवढं पुरं झालं आणि आजचं चर्च त्याला लागून उभं आहे. मूळ लेखकाने हा शब्द १९३० च्या पात्राच्या तोंडी घातला असेल तर ती त्याची चूक, तुम्ही ती निमूट अनुवादू नका, संपादकाला कळवा.

आता ‘पॅडी’त जाणारा पोरगा. हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचा, आणि ब्रिटनमधला. आयरिश माणूस म्हणजे शीघ्रकोपी या समजुतीतून आला. पण पुढे तो घरगुती होत होत इतका बोथट झाला की आज इंग्रज आजी नातवाबद्दल ‘पॅडीत आहे’ म्हणते तेव्हा तिला आयर्लंड आठवतही नाही. यात खरा राग नाही, पाय आपटणं आहे. म्हणून ‘संतापला’ लिहू नका. ‘तणतण’, ‘फणकारा’, ‘थयथयाट’ यातलं वयानुसार निवडा. सात वर्षांचा असेल तर ‘भोकाड पसरलं’ किंवा ‘जमिनीवर लोळण घेतली’. याच्याच घरातला ‘पॅडीवॅक’, आधी धट्टाकट्टा आयरिश माणूस, मग राग, मग दणका अशी त्याची उतरंड. इंग्रजी शाळेतली आपली पोरं टाळ्या वाजवत हा शब्द बडबडगीतात म्हणतात, बाईंनाही त्याचा अर्थ ठाऊक नसतो. गुरांच्या मानेतल्या जाड स्नायुबंधालाही इंग्रजीत हेच म्हणतात, पण तो वेगळ्या मुळाचा शब्द असून आवाजाच्या सारखेपणाने इथे येऊन पडलाय.

‘पॅडी वॅगन’वर मात्र लोक हिरिरीने भांडतात. अमेरिकेतला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा शब्द. एक मत: गाडी चालवणारे आणि पकडून आणणारे पोलीस आयरिश होते म्हणून. दुसरं मत: आत कोंबलेले दारुडे आणि दंगेखोर आयरिश होते म्हणून. न्यूयॉर्क, शिकागोच्या पोलीस दलांत आयरिश भरती प्रचंड होती हे खरं आणि कोठड्यांत आयरिश नावं पुष्कळ असत हेही खरं, त्यामुळे दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून हीच परिस्थिती दाखवता येते. मला विचाराल तर पहिलं मत जास्त पटतं, कारण शब्द रुळला तेव्हा आयरिश माणूस बाकावरून उठून गाडी हाकायच्या जागेवर जाऊन बसला होता. पण अनुवादकाला याचा निर्णय करायचा नसतो. तुमच्या काकाचं आत बसणं आयरिश असल्यामुळेच विनोदी झालंय का, एवढं पाहा. नसेल तर ‘पोलिसांची जाळीची गाडी’ किंवा नुसतं ‘पिंजरा’. ‘काकाला दोनदा पिंजऱ्यात घालून नेलं’ हे वाचून कुणाचंही अडत नाही.

इंग्लंडच्या कोळसा खाणींतही एक पॅडी धावतो. खाणीत आतपर्यंत मजुरांना वाहून नेणारी छोटी गाडी म्हणजे ‘पॅडी’. नव्या मार्गांचं काम चालू असताना मजुरांना ने-आण करणाऱ्या गाडीला ‘पॅडी मेल’ म्हणत, तिथून तो खाली उतरला. म्हणजे गाडी एकीकडे पोलिसाची, दुसरीकडे मजुराची.

आणि या नावाची सर्वांत अनपेक्षित कोलांटी अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांत. १९४० च्या दशकात तिथे ‘पॅडी’ म्हणजे कुठलाही गोरा माणूस. त्याच्या शंभर वर्षं आधी ज्या आयरिश माणसाला धड गोरा मानायलाही लोक तयार नव्हते, त्याचंच नाव सगळ्या गोऱ्यांना. हार्लेममधल्या एखाद्या कथेचा अनुवाद कधी हाती आला तर हे ध्यानात असू द्या, नाहीतर उगाच एक आयरिश पात्र कथेत घुसेल.

शेजारपाजाऱ्यांचं भरभर सांगते, कारण तुमच्या पुस्तकात तेही भेटतील. ‘मिक’ हे मायकेलचं, वापर पॅडीसारखाच पण जास्त बोचरा. ‘टेकिंग द मिकी’ म्हणजे टर उडवणं, याचा मात्र आयरिश लोकांशी संबंध जोडू नये. लंडनच्या यमकी बोलीतल्या ‘मिकी ब्लिस’वरून ते आल्याचं मानतात आणि त्याचं यमक कशाशी जुळतं ते तुम्ही जुळवून पाहा. ‘बिडी’ म्हणजे ब्रिजेट. अमेरिकी घरांतल्या आयरिश मोलकरणींचं ठोक नाव, आपल्या रामाची सख्खी बहीणच. कोंबडीला बोलवायच्या ‘बिडी’ची त्यात सरमिसळ होऊन पुढे कटकट्या म्हातारीला तो शब्द चिकटला. ‘मर्फी’ म्हणजे बटाटा, आयर्लंडमधलं सर्वांत फोफावलेलं आडनाव आणि सर्वांत खाल्ली जाणारी गोष्ट, एवढ्याच नात्यावर. पण मर्फीचा नियम, म्हणजे बिघडू शकतं ते बिघडणारच, हा अमेरिकी अभियंता एडवर्ड मर्फी यांच्यावरून १९४९ सालच्या हवाई दलाच्या चाचण्यांत आला, तिथे हिणवणं नाही. आणि आपल्या आजोबांचा मर्फी रेडिओ फ्रँक मर्फी यांच्या कंपनीचा, त्याच्या कॅलेंडरावरचं तोंडावर बोट ठेवलेलं बाळ कुणी विसरलेलं नाही. ‘हूलिगन’ हे हूलिहान या आयरिश आडनावाशी जोडलं जातं. १८९८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रांनी ते एकदम डोक्यावर घेतलं. आपला हुल्लडबाज त्याचा कुणी नाही, आवाज तेवढा जुळतो. पण अर्थही जुळत असल्यामुळे अनुवादकाला असा योगायोग देवाने दिल्यासारखा वाटतो, खुशाल वापरा. ‘डॉनीब्रुक’ म्हणजे राडा. डब्लिनजवळच्या त्या गावची जत्रा १२०४ पासून भरायची, दारू आणि मारामाऱ्या इतक्या वाढल्या की १८५५ मध्ये ती बंदच केली. जत्रा गेली, राडा राहिला.

जाता जाता दोन तोतये. ऑस्ट्रेलियातला ‘पॅडीमेलन’ नावाचा छोटा कांगारूसारखा प्राणी आयरिश नाही, सिडनीच्या आसपासच्या दारुग भाषेतला शब्द इंग्रजी कानांनी वाकवलाय. लंडनचं पॅडिंग्टन तर संत पॅट्रिकच्या नावाशी संबंधच नसलेल्या जुन्या सॅक्सन नावावरून आहे.

आता शिवी आहे का, हा तुमचा दुसरा प्रश्न. शब्दकोश ‘अपमानकारक’ असा शिक्का मारून मोकळा होतो, पण बोलणाऱ्याचं तोंड बघितल्याशिवाय ते ठरत नाही. आयर्लंडमध्ये पॅडी हे आजही साधं माणसाचं नाव आहे. कॉर्कच्या एका दारूभट्टीच्या विक्रेत्याचं, पॅडी फ्लॅहर्टी याचं नाव इतकं लोकप्रिय झालं की व्हिस्कीच्या बाटलीवर कंपनीने तेच छापलं. १७ मार्चच्या सणाला आयरिश माणूस स्वतः ‘पॅडीज डे’ म्हणतो. त्याचा राग येतो तो अमेरिकी ‘पॅटीज डे’ला, कारण पॅटी हे पॅट्रिशियाचं रूप आणि ‘पाद्रिग’मध्ये द आहे, ट नाही. देवनागरीत लिहिताना आपल्याला हा घोळ करायचं काही कारण नाही, पण मी छापील मराठीत ‘सेंट पॅटीज डे’ वाचलंय. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आयरिश लोकांनी स्वतःच ‘प्लास्टिक पॅडी’ हा शब्द केला: जन्म दुसरीकडचा, आयरिश भाषेतला एक शब्द येत नाही, पण पबमध्ये हिरवी टोपी घालून सर्वांत मोठ्याने गाणार तो. म्हणजे चिडवणाऱ्याची जागाही आता त्यांनी घेतली.

पण १९३० च्या लिव्हरपूलच्या गोदीत इंग्रज मुकादमाने टॉमसला ‘पॅडी’ म्हणणं म्हणजे त्याला खाली बसवणं आहे. त्याच पानावर टॉमसचा आयरिश दोस्त मर्फीच्या घरच्या पॅडीला हाक मारत असेल तर ती नुसती हाक. दोन्ही ठिकाणी इंग्रजीत एकच शब्द, मराठीत त्यांना एकच शब्द देता येणार नाही. उत्तर आयर्लंडच्या संदर्भात ‘टेग’ हा शब्द आला (मूळ नाव टायग, सतराव्या शतकापासून आयरिश माणसाचं ठोक नाव) तर त्याला मात्र हलक्यात घेऊ नका. तिथे तो कॅथलिकांना दिलेली धार्मिक शिवी आहे, आणि भिंतींवर तो लिहिलेला असतो तिथे गंमत म्हणून लिहिलेला नसतो.

आता माझं तोंडावर पडणं. पहिल्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट. एका समुद्रकथेत ‘पॅडीज लँटर्न’ आला, आणि मी झोकात ‘पॅडीने आणलेल्या कंदिलाच्या उजेडात’ असं करून ठेवलं. जहाजावर पॅडी नावाचा एक खलाशी खरंच होता, त्यामुळे मला शंकाही आली नाही. पुस्तक छापून आल्यावर एका निवृत्त दर्यावर्दी वाचकाचं पोस्टकार्ड आलं: ‘बाई, तुमचा कंदील तिसऱ्या पानावर समुद्रात पडला होता, तो इथे परत कसा आला?’ पुढच्या आवृत्तीत मी ते ‘गरिबाच्या कंदिलाच्या उजेडात’ केलं आणि आधीच्या वाक्यात चंद्राचा उल्लेख सरकवला. ‘गरिबाचं अमुक’ हा आपला तयार साचा आहे, ‘गरिबाचं महाबळेश्वर’ वगैरे. फुकटातलं, हलकं, पण तेच काम भागवणारं, हा अर्थ त्यात आपोआप येतो. पॅडीच्या बऱ्याच शब्दांना हा साचा बसतो. उलट अर्थाच्या शब्दांना, म्हणजे वादळ आणि बढतीला, तो चालत नाही. तिथे तोंडातल्या तोंडात बोललेला उपरोध लागतो: ‘वादळ म्हणजे काय, पान हलेना’, असं काहीतरी.

तर तुमच्या पाच जागा. मुकादमाची हाक: ‘पॅडी’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येतो तिथे टॉमसच्या मनातून एक वाक्य येऊ द्या, की इथे आयरिश माणसाला दुसरं नाव नसतंच. तळटीप नको, मूळ लेखकाला वाचकाकडे वळून समजावायची गरज पडली नव्हती, तुमची टीप तो क्षण मारून टाकेल. चुकूनही त्याचा रामा किंवा पांडू करू नका. अर्थ बरोबर येईल, पण टॉमस गिरगावात जाऊन पोचेल. पोराचा पॅडी: थयथयाट. आईचा बाजार: ती दुसऱ्यांदा तिथे जाते तेव्हा शेजारणींशी आयरिशमध्ये बोलते असं तुम्ही लिहिलंय, मग ‘पॅडी बाजार’ असा सरळ जोडशब्द करा, मुकादमाच्या हाकेशी त्याचा सांधा वाचक स्वतः जुळवेल. काकाची गाडी: पिंजरा. आणि म्हाताऱ्याचा कंदील तुम्हाला दिलाच आहे, फक्त त्या रात्री अमावास्या नाही ना, तेवढं मागची दोन पानं उलटून पाहून घ्या.